दरोडेखोर परत आला की नाही

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सुहासला नाही, आणि लग्नाला तीस वर्षं होत आली तरी त्याच्यापासून लपवलेली ही एवढी एकच गोष्ट आहे. बहिणीलाही नाही, जिला मी साडी केवढ्याला घेतली याचंही खरं उत्तर देते. खरं तर सांगण्यासारखं त्यात काय आहे, असंही तुम्हाला वाटेल. एका जुन्या फ्रेंच सिनेमाची गोष्ट — तलवारी, घोडे, मेणबत्त्यांची झुंबरं आणि एक देखणा, लाघवी दरोडेखोर. त्यात लंडनच्या पिनर भागात राहणारी, रोज मेट्रोपॉलिटन लाइनने ऑफिसला जाणारी बाई असा काय मोठा गुन्हा करणार? मीही बरीच वर्षं स्वतःची अशीच समजूत घालत आले.

अण्णा म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, हिशेबी बोलणारे, हसले तर मिशीतल्या मिशीत. सासूबाई गेल्या आणि वर्षभरात आम्ही त्यांना कोल्हापूरहून कायमचं इकडे आणलं. दोन हजार सहा असेल ते. तोवर त्यांचे डोळे निकामी होत आले होते. पूर्ण आंधळेपण नव्हे — नजरेच्या मधोमध काळा डाग आणि कडेचं तेवढं दिसायचं. त्यामुळे ते कुणाकडेही सरळ बघत नसत. बोलायचे माझ्याशी आणि तोंड खिडकीकडे. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटायचं, म्हातारा रागावलाय. टीव्हीसुद्धा मान तिरपी करून बघायचे, म्हणजे कडेने थोडी हालचाल समजायची. चेहरे नाहीत. अक्षरं तर अजिबात नाहीत.

एकदा मी लायब्ररीतून ईशासाठी, म्हणजे आमच्या लेकीसाठी, कार्टूनच्या डीव्हीडी आणायला गेले होते. परदेशी सिनेमांच्या कप्प्यात एक डीव्हीडी होती, वर टोपीत पीस खोवलेला एक माणूस जिन्याच्या कठड्यावरून घसरत येतोय. सहज आणली. घरी आल्यावर अण्णांना सांगितलं, असा असा फ्रेंच सिनेमा आहे, दरोडेखोराचा. ते एकदम ताठ बसले. मला म्हणाले, "जिन्यावरनं घसरत येतो, आणि खाली आल्यावर त्या उमराव बाईच्या हाताचा मुका घेतो, आणि अंगठी लंपास करतो. तोच ना?"

तोच होता.

तर मग त्यांनी जे सांगितलं ते ऐका, कारण सगळं त्यावरच आहे. अण्णांचा साखरपुडा झाला होता, लग्न व्हायचं होतं. सासूबाई इचलकरंजीच्या. त्या काळी साखरपुडा झाला म्हणून मुलामुलीने एकटं कुठे जायचं नाही. मुलीचा थोरला भाऊ बरोबर. कोल्हापुरात कॉलेजच्या हॉलमध्ये कुठल्याशा फिल्म क्लबने हा सिनेमा लावला होता. अण्णा आणि सासूबाई शेजारी, आणि मध्ये — हो, बरोबर मध्ये — मेहुणे. सिनेमा ऐन रंगात आला. दरोडेखोराकडे सोनं आहे, बंदरात जहाज उभं आहे, आणि त्याच्यावर जीव टाकणारी खानावळवाल्याची पोरगी तिकडे किल्ल्यात कैदेत, सकाळी तिला फाशी. दरोडेखोर घोड्यावरून येतो आणि रस्त्याला फाटा फुटतो. एक रस्ता बंदराला, एक किल्ल्याला. घोडा थांबतो. आणि मेहुणे उठले. शेवटची एसटी चुकेल म्हणाले.

झालं. जन्मभर त्या दोघांना पुढचं कळलं नाही. सिनेमाचं नावसुद्धा धड आठवत नव्हतं, विचारणार कुणाला? अण्णांचं म्हणणं, तो जहाजाने गेला. दरोडेखोर तो दरोडेखोर, सोनं सोडून कशाला जाईल? सासूबाईंचं म्हणणं, तो परत गेला. सोनं टाकून, पोरीसाठी. यावर ती दोघं चाळीस वर्षं भांडली. भाजीत मीठ कमी पडलं तरी म्हणे तो दरोडेखोर मध्ये यायचा. सासूबाई म्हणायच्या, "तुम्ही असता तर गेलाच असता जहाजातनं." आणि शेवटच्या दुखण्यात, दवाखान्यात, त्या हसून म्हणाल्या होत्या, आता तरी कबूल करा, तो परत आला. आणि अण्णा म्हणाले होते — सिद्ध करून दाखव.

"म्हणायला हवं होतं, तुझंच खरं," अण्णा मला म्हणाले. "काय गेलं असतं? नाही म्हणालो."

असा तो सिनेमा आमच्या घरात आला. अण्णांची अट एकच, शेवट कुणी आधी सांगायचा नाही. सुहास म्हणाला, "अण्णा, इंटरनेटवर दोन मिनिटांत बघून सांगतो की." तर त्यालाही गप्प केलं. त्यांना तो शेवट ऐकायचा नव्हता, गाठायचा होता. तिरपी मान करून का होईना, त्या फाट्यावर पुन्हा जाऊन उभं राहायचं होतं.

सिनेमा फ्रेंच, खाली अक्षरं इंग्रजी, आणि अण्णांना ती दिसेनात. तेव्हा मी वाचायचं आणि मराठीत सांगायचं असं ठरलं. दर रविवारी दुपारी. सुहास ईशाला घेऊन बाहेर जायचा, कधी पार्कमध्ये, कधी शाळेतल्या कुणाच्या बर्थडेला, आणि आम्ही दोघं फ्रंट रूममध्ये. मी रिमोट घेऊन, अण्णा खिडकीकडे तोंड करून.

सुरुवातीला मजा आली, खोटं कशाला बोलू? माझा दरोडेखोर पहिल्या दिवशी फार सभ्य बोलत होता. "क्षमा असावी, आपली पेटी आम्ही नेत आहोत." अण्णा म्हणाले, "मेधा, हा दरोडा घालतोय की बँकेत फॉर्म भरतोय?" मग मी त्याला कोल्हापुरी केला. "पाव्हणं, पेटी ठेवा खाली आन् गुमान चालू लागा." अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणायला उठले आणि मला वाटलं, या घरात येऊन एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यामुळे कुणीतरी असं हसलंय.

पण मग ते थांबवायला लागले. कोण बोललं आता? तिने काय घातलंय? मागे घे जरा, तलवार कुणाच्या हातातनं पडली? दोन तासांचा सिनेमा, पाच-सहा रविवार झाले तरी संपेना. डीव्हीडी आठवड्याने परत करायची, पुन्हा माझ्या नावावर घ्यायची. आठवडाभर ऑफिस, शनिवारी कपडे, भाज्या, ईशाचं स्विमिंग, आणि रविवारची ती एक दुपार, ती पण गेली. मी थकले होते. खरंच थकले होते. हे कारण मी स्वतःला किती वेळा दिलंय म्हणून सांगू — थकले होते म्हणून. ऐकायला किती बरं वाटतं ना? नोकरी करणारी सून, म्हातारा सासरा, थकवा. कोण मला बोल लावेल?

पण ते कारण नव्हतं.

आता सासूबाईंबद्दल बोलायला हवं. त्या दुष्ट नव्हत्या. तशा असत्या तर माझं काम सोपं होतं. सुगरण, टापटिपीच्या, पहाटे उठून रांगोळी घालणाऱ्या. ईशा आठ महिन्यांची असताना त्या तीन महिने आमच्याकडे राहून गेल्या. मी तेव्हा कामावर परत जायला लागले होते. घराचे हप्ते होते, माझी नोकरी गेली तर ती पुन्हा मिळायची नाही, आणि खरं सांगायचं तर मला जायचंही होतं. ईशाला आम्ही जवळच्याच एका चाइल्डमाइंडरकडे ठेवायचो. आयरिश बाई, प्रेमळ. एका शनिवारी आमच्याकडे मंडळातली चार मराठी कुटुंबं जेवायला होती. मी श्रीखंड वाढत होते. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आमच्या नातीला आईचा वासच माहीत नाही. ती पावडरच्या वासाच्या गोऱ्या बाईला आई समजते."

कुणी हसलं नाही. कुणी काही बोललंही नाही, सुहाससुद्धा. मी सगळ्या पानांत श्रीखंड वाढून संपवलं आणि मग वर जाऊन बाथरूमचा नळ सोडून बसले.

त्यांनी नंतर कधी त्याचा उल्लेख केला नाही. बहुधा विसरल्याही असतील. मी विसरले नाही. त्या गेल्या तेव्हा मी रडले, सगळ्यांसारखी, त्यांच्या फोटोला हार घातला, पण ते वाक्य माझ्यात तसंच राहिलं. आणि आता दर रविवारी मी त्यांच्या नवऱ्याला त्यांच्या प्रेमाची गोष्ट वाचून दाखवत होते. ती असं म्हणायची. ती तसं म्हणायची. तिला हा प्रसंग फार आवडलेला. अण्णा बोलत आणि मी रिमोटवर अंगठा ठेवून ऐकत असे.

आम्ही फाट्याच्या अगदी जवळ आलो होतो. पुढच्या रविवारी शेवट. आदल्या शनिवारी सुहास आणि ईशा स्विमिंगला गेलेले, अण्णा जेवून वर आपल्या खोलीत आडवे झालेले. मी विचार केला, शेवटचा भाग एकदा आधी बघून ठेवू, म्हणजे उद्या अडखळायला नको. अगदी चांगल्या मनाने लावला, यावर तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. आवाज बारीक केला.

तो परत जातो. फाट्यावर क्षणभर थांबतो, सोन्याची थैली सोडून रस्त्यात टाकतो — नुसती टाकतो, मागे वळूनही बघत नाही — आणि किल्ल्याकडे घोडा काढतो. तिथे मग जिन्यावर, तटावर, तलवारींची ही लढाई. खांद्यावर वार खातो. पोरीला सोडवतो. ती विचारते, का आलास? तो म्हणतो, जहाज लागतं मला, उलट्या होतात. दोघं एकाच घोड्यावरून जातात, आणि संपतं.

म्हणजे सासूबाईंचं खरं होतं. अगदी शब्दाला शब्द. सोनं टाकून, पोरीसाठी.

मी सोफ्यावर बसून राहिले. आणि मला डोळ्यासमोर उद्याचा रविवार दिसला. अण्णा उठणार, चाचपडत शोकेसपाशी जाणार, सासूबाईंच्या फोटोसमोर उभे राहणार आणि म्हणणार, तुझंच खरं. आणि हे त्यांच्यापर्यंत पोचवणार कोण? मी. माझ्या तोंडाने मी त्या बाईला जिंकवणार. चाळीस वर्षं ज्याच्यावर त्या हक्काने हसत आल्या, तो नवरा रडून त्यांना शरण जाणार, आणि मी शेजारी रिमोट घेऊन.

नको वाटलं. एवढंच. याहून मोठं काही त्यात नव्हतं. एका मेलेल्या बाईला मला जिंकू द्यायचं नव्हतं.

मी डीव्हीडी काढली, डबीत घातली, कोट चढवला, लायब्ररीत चालत गेले आणि परत करून आले.

रविवारी अण्णा जेवणानंतर हात धुऊन, स्वच्छ शर्ट घालून खाली आले. सिनेमाला जाताना घालतात तसा. मी म्हणाले, "अण्णा, डिस्क खराब निघाली हो. पुढचं चालतच नाही, नुसते चौकोन चौकोन येतात. परत करून टाकली मी."

त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. मला वाटलं, आता विचारतील, दुसरी नाही का? पण ते मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, "म्हणजे मेहुणे पुन्हा उठले म्हणायचे." आणि वर गेले. शर्ट बदलून आले आणि ईशाबरोबर पत्ते मांडून बसले, जे त्यांना कडेनेच दिसायचे.

सुहासने ऑनलाइन मागवतो म्हटलं. "राहू दे, तुला कुठे वेळ, मी करते ऑर्डर," असं मी सांगितलं. अण्णांनी मग महिन्याभरात दोनदा विचारलं. एकदा मी म्हणाले स्टॉकमध्ये नाही. दुसऱ्यांदाही तेच म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, आणि मला हायसं वाटलं.

तुम्ही म्हणाल, मग काय झालं, रागाच्या भरात माणूस करतो असं, पुढे सावरून घ्यायचं. घेता आलं असतं. हेच तर सांगतेय. त्यानंतर त्यांच्याबरोबर चार महिने मी एका घरात होते. त्यांचा चहा मी करायचे, डोळ्यांत थेंब मी घालायचे, सकाळी मान मागे टाकून ते बसायचे आणि मी एका बोटाने पापणी वर धरायचे. किती जवळ असतो माणूस तेव्हा. रोज वाटायचं, आज सांगू. पण काय सांगणार? शेवट सांगायचा तर तो मी पाहिलाय हे सांगावं लागणार, आणि पाहिला असेल तर डिस्क चांगली होती. एक खोटं दुसऱ्याला चिकटून बसलं होतं. आणि हळूहळू सासूबाईंवरचा राग कुठेच राहिला नाही. राहिली फक्त भीती. अण्णांच्या नजरेत मी चांगली होते. ती जागा मला सोडवेना.

जानेवारीत त्यांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलच्या वॉर्डात सहा कॉट, पडदे, हीटिंग इतकं की खिडकीला पाणी सुटलेलं. त्या दिवशी दुपारी सुहास पार्किंगचं तिकीट वाढवायला खाली गेला होता. अण्णा झोपलेत असं मला वाटत होतं. नाकाला ऑक्सिजनची नळी. ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "मेधा."

"काय अण्णा? पाणी देऊ?"

"तू पाहिलायस ना तो शेवट?"

मी त्यांची चादर सारखी केली.

"त्या शनिवारी मला वर तलवारींचा आवाज आला होता," ते म्हणाले. थांबत थांबत, श्वास घेत. "मी म्हटलं, पोरगी तयारी करतीय माझ्यासाठी. बरं वाटलं होतं. काय झालं गं पुढं? सांग. रागावणार नाही."

ऐकलंत ना? त्यांना ठाऊक होतं. ते सगळा हिवाळा ते घेऊन बसले होते आणि एका शब्दाने बोलले नव्हते. आणि आता त्यांनी मला माझी सुटका करून देऊ केली होती, अगदी सोपी करून. मला फक्त म्हणायचं होतं — तो परत आला, अण्णा, आई म्हणत होत्या तसंच. एवढंच वाक्य. एका श्वासात झालं असतं.

मी म्हणाले, "नाही हो अण्णा. टीव्हीवर दुसरं काहीतरी लागलं असेल."

त्यांनी नाकाची नळी नीट केली. मग म्हणाले, "असेल."

आणि त्यांनी मान वळवली, पहिल्यांदाच सरळ माझ्या दिशेने — म्हणजे त्यांना मी मुळीच दिसू नये अशी. मी तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही. नंतर लावला. आजही लावते, आणि तो दर वेळी तोच येतो.

सुहास आला, हातात दोन कॉफी. त्याच आठवड्यात अण्णा गेले.

तेराव्याला मंडळातली सगळी मंडळी आली होती. सुहास बोलायला उभा राहिला. म्हणाला, अण्णांना दिसत नव्हतं तर मेधाने एक अख्खा फ्रेंच सिनेमा त्यांना मराठीत वाचून दाखवला, दर रविवारी, न कंटाळता. डिस्क खराब निघाली म्हणून तेवढा शेवट राहिला. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. एकीने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, अशी सून मिळायला भाग्य लागतं. सुहास अजूनही कुणी नवीन ओळखीचं घरी आलं की हे सांगतो, आणि सांगताना माझ्याकडे बघतो.

मी मान खाली घालते. लोकांना वाटतं, विनयाने.